सासूबाई दाढी ऐकतात

कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध लहानपणीच संपला होता. पण लाकडाला पॉलिश करण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, म्हणून ते आधी पॉलिशमास्तर झाले आणि पुढे लोकांना एवढं लांबलचक बोलायचा कंटाळा आला म्हणून नुसते मास्तर.

मास्तरांच्या हाताखालून गेलेल्या टेबलावर माशी बसली तर ती घसरून पलीकडच्या कडेने खाली पडेल, असं लोक म्हणायचे. पण जगभरच्या टेबलांना, दारांना आणि पलंगांना गुळगुळीतपणा वाटता वाटता मास्तरांनी त्यातला चिमूटभरही स्वतःच्या गालांसाठी शिल्लक ठेवला नव्हता. त्यांची दाढी राठ, दाट आणि मुळापाशी वळलेली. बायको म्हणायची, ह्यांच्या गालावर काडी ओढली तर पेटेल. त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच कारखान्यात त्यांच्या हाताखाली काम करायचा. पॉलिश पेपरचा गठ्ठा संपत आला की तो हमखास विचारायचा, ‘दाजी, नवीन मागवू, की तुमचा डावा गाल मोकळा आहे?’

दाढी ते करत नसत असं नाही. सुट्टीच्या दिवशी करत, आणि आदल्या संध्याकाळपासून त्यांचा चेहरा दाताच्या डॉक्टरकडे निघालेल्या माणसासारखा असे. ब्लेड फिरलं की तासाभरात गळा पेटायचा. मग लाल पुटकुळ्या. मग कापलेले केस वळून पुन्हा कातडीतच शिरायचे, घर चुकलेल्या पाहुण्यासारखे, आणि आत बसून ठणकायचे. पुढचे दोन दिवस मास्तर कॉलर उघडी टाकून, हनुवटी वर धरून, छताकडे बघत चालायचे. ओळखीच्यांना कारण माहीत होतं. बाकीच्यांना वाटायचं, केवढा गर्व या माणसाला.

न्हाव्याने तर हातच टेकले होते. तो म्हणाला होता, मास्तर, तुमची कातडी नाजूक आणि केस राकट, ह्या दोघांचं लग्न कोणी लावलं? मास्तरांनी त्यातून एकच मार्ग काढला होता. आठवड्यातून एकदा दाढी, आणि बाकीचे दिवस जगाने आपलं बघून घ्यावं.

ही व्यवस्था पियानो येईपर्यंत उत्तम चालली.

पियानो एका संगीतशाळेचा होता. झाकणावर कपांची गोल गोल वर्तुळं, कडेला कोणीतरी खिळ्याच्या टोकाने कोरलेला बदाम, आणि काळा रंग असा उडालेला की मूळचा काळा कोणता आणि धुळीचा काळा कोणता ते सांगता येऊ नये. मास्तरांनी ते सगळं खरवडलं. खड्ड्यांत लांबीचा लगदा भरला. घासलं, पुन्हा भरलं, पुन्हा घासलं. मग काळ्या लॅकरचा एक हात, घासणं, दुसरा हात, घासणं. दोन हातांच्या मध्ये ते डोळे मिटून झाकणावरून बोटं फिरवायचे, आणि त्या वेळी कोणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. मालकांचं बोलणंसुद्धा नाही.

आता फक्त शेवटचा हात राहिला होता. मास्तरांनी आजवर शेकडो कपाटं केली होती, पण कपाटाकडे तोंड करून कोणी दोन तास बसत नाही. पियानो मात्र मंचावर, दिव्याखाली उभा राहणार. समोर माणसं रांगेने बसणार, आणि गाणं आवडो न आवडो, त्यांना त्या झाकणाकडे बघावंच लागणार. असं काम मास्तरांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं आणि वयाचा हिशोब बघता दुसऱ्यांदा येईल असं दिसत नव्हतं. त्यांनी हे कोणाला बोलून दाखवलं नाही. पण त्या झाकणाजवळून जाताना ते इतके हळू चालायचे, जणू आत कोणी झोपलंय.

नेमकी त्याच सुमाराला कारखान्यात स्प्रे मारायची नवी बंद खोली आली. तिच्यासोबत मोठे पंखे आले, पंख्यांसोबत नाकतोंड झाकणारा रबरी कडेचा मास्क आला, आणि मास्कसोबत सेफ्टीच्या मॅडम आल्या. मॅडम शिस्तीच्या आणि मनाने चांगल्या होत्या, पण त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक ‘ओके’ लोंबकळत असे. मास्कची रबरी कड आणि कातडी यांच्यामध्ये काहीही येता कामा नये, ओके? केस तर मुळीच नाही, ओके? केस असला की फट, फट असली की वाफ आत, आणि वाफ आत गेली की फुप्फुसं काळी, ओके? फुप्फुसं काळी होण्याला ‘ओके’ म्हणावं की नाही, हे मेहुण्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

परीक्षा अशी होती. आधी मास्क घालायचा. मग वरून एक पारदर्शक टोप चढवायचा, म्हणजे माणूस चंद्रावर निघाल्यासारखा दिसतो. टोपाला पुढे एक बारीक भोक. त्यातून मॅडम फुग्याने एक कडू फवारा आत सोडणार. मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. मग मिनिटभर काहीतरी बोलायचं. आत कडू लागलं तर मास्क गळतोय, म्हणजे नापास, म्हणजे स्प्रेच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

मास्तर टोप घालून बसले तेव्हा त्यांची दाढी चार दिवसांची होती. डावीकडे मान झाली, उजवीकडे झाली. खाली बघताना हनुवटीखालच्या केसांनी रबराला अलगद उचललं, आणि आयुष्यात प्यायलेली सगळी औषधं एकाच वेळी जिभेवर येऊन उभी राहिली. मॅडमनी विचारलं, कडू लागतंय? मास्तर म्हणाले, नाही. आवाज अगदी शांत होता. पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डावा डोळा आपण होऊन मिटला होता.

‘मास्तर,’ मॅडम म्हणाल्या, ‘तुमचा डोळा काहीतरी वेगळं सांगतोय. ओके?’

नंतर मेहुणा बसला. मेहुण्याचा चेहरा सोललेल्या अंड्यासारखा. दाढीचे केस त्याच्याकडे कधीतरी, वर्षासहामहिन्यांनी, आणि तेही दोनतीनच येत. तो टोपात बसून शीळ घालत होता, आणि शीळ संपायच्या आत पास झाला.

मालकांचं बोलणं म्हणजे थंडीत इंजिन सुरू करणं. तीनदा खोकून चौथ्या वेळी शब्द येतो, आणि एकदा आला की दोनदा येतो. त्यांनी सांगितलं की पुढच्या शनिवारी मॅडम पुन्हा येतील. तोवर मास्तरांचा मास्क बसला तर उत्तम, नाहीतर शेवटचा हात मेहुणा देईल. संगीतशाळेला तारीख दिलेली आहे.

‘शेवटी काय,’ मालक म्हणाले, ‘स्प्रे गनचा खटका तर दाबायचाय, दाबायचाय.’

हे वाक्य मास्तरांना त्या फवाऱ्यापेक्षा कडू लागलं. मेहुण्याला त्यांनीच तयार केलं होतं. पोरगा गुणी, घासण्यात तर एक नंबर. पण गन हातात आली की त्याचा हात जड व्हायचा. मारता मारता त्याला मध्येच काहीतरी आठवायचं, हात क्षणभर थांबायचा, आणि जिथे थांबायचा तिथे ओघळ. पलंगाच्या पायाला आलेले त्याचे ओघळ मास्तरांनी आजवर निमूटपणे घासून काढले होते. पियानोच्या झाकणावर ओघळ म्हणजे तो बदाम परवडला.

मग मास्तरांनी कंबर कसली आणि रोज ब्लेडने दाढी करायला घेतली. दुसऱ्या दिवशी गळा लाल. तिसऱ्या दिवशी गळ्यावर पुटकुळ्यांचा असा मेळावा भरला की मास्क नुसता तोंडाजवळ नेला तरी मास्तर ‘हाय’ म्हणून मागे सरायचे. केस गेले होते, पण आता कातडीच रबराला हात लावू देईना.

मास्तरांची बायको पोहण्याच्या तलावावर तिकीटखिडकीत बसायची. छोट्याशा भोकातून दिवसभर ‘किती?’ एवढाच प्रश्न विचारून तिची बोलण्याची भूक शिल्लक राहायची आणि ती घरी येऊन भागवावी लागायची. त्या संध्याकाळी ती एक खोका घेऊन आली आणि जेवताना तिने दुकानातल्या विक्रेत्याचा आख्खा प्रयोग लावला. मान तिरकी करून, हात चोळत, अगदी त्याच्याच सुरात.

‘मॅडम, हा फॉइल शेव्हर. वर ही धातूची बारीक जाळी, बघा. जाळीखाली पाती, बघा. केस भोकातून आत येणार, पातं त्याला आतल्या आत उडवणार. आणि पातं कातडीला भेटतच नाही, मॅडम. दोघांची ओळखच नाही. मग भांडण कुठून होणार?’

मास्तरांनी खोका उघडला. मशीनकडे आधी बघितलं नाही, जाळीवरून बोट फिरवलं. इतका पातळ पत्रा त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्याला सुईच्या टोकाएवढी शेकडो भोकं, आणि एकाचीही कड बोटाला लागत नव्हती. ज्याने हे केलं त्याचा हात चांगला आहे, एवढं त्यांनी कबूल केलं. मग बटण दाबलं. डबीत डास कोंडावा तसा आवाज आला. ह्याने माझी दाढी होणार, असं म्हणून ते हसले आणि बायको हसली नाही, कारण वस्तू परत घेत नाहीत असं पावतीवर छापलेलं होतं.

आता इथे मास्तरांचा धंदा त्यांच्या आड आला.

लाकूड घासणाऱ्याचा पहिला धडा असा की लाकडाच्या रेषा ज्या अंगाने जातात त्याच अंगाने कागद न्यायचा. उलटा नेला की ओरखडे उठतात आणि पॉलिशखालून कायमचे वर बघत राहतात. मेहुण्याने नवीन असताना एकदा एक दार आडवं घासलं होतं. मास्तर त्याच्याशी इतके दिवस बोलले नाहीत की शेवटी बायकोला मध्ये पडून दोन्हीकडचे निरोप पोचवावे लागले, ‘हातोडी दे’ हासुद्धा.

तेव्हा सकाळी तोंड धुऊन, पुसून, कोरडं करून मास्तरांनी आधी आपल्या दाढीच्या रेषा बघितल्या. गालावरचे केस खाली झुकलेले. गळ्यावरचे आडवे. कानाखाली एक भोवरा, फळीतल्या गाठीसारखा. सगळं नीट समजून घेऊन त्यांनी मशीन कानापासून हनुवटीपर्यंत, रेषेच्या अंगाने, एका लांब हाताने खाली आणलं, फळीवरून आणावं तसं. मशीन आलं की केस अदबीने आडवे व्हायचे. मशीन पुढे गेलं की पुन्हा उभे. मालक फेरी मारून गेले की कारखान्यातली माणसं जशी पुन्हा गप्पांना लागतात, अगदी तसे.

मास्तरांनी जरा दाबलं. मग आणखी दाबलं. मग दुसऱ्या हाताने भिंत धरून दाबलं. बाहेर आले तेव्हा दाढी जागच्या जागी होती आणि तिच्याखालची कातडी शेंदरी झाली होती.

‘तुझ्या त्या विक्रेत्याला सांग,’ ते बायकोला म्हणाले, ‘पातं कातडीला भेटलं नाही हे खरं आहे. केसांनाही भेटलं नाही.’

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. कारखान्यात मेहुण्याने अजून पियानोला हात लावला नव्हता, पण पाणी भरून गनची पिचकारी उडवून बघायला सुरुवात केली होती. मास्तर तिकडे पाठ करून बसायचे आणि कानाने ओघळ मोजायचे.

तिसऱ्या सकाळी बाथरूमच्या दारावर टकटक झाली. सासूबाई होत्या.

सासूबाई लेकीकडेच राहायच्या, बाथरूमला लागून असलेल्या छोट्या खोलीत. डोळ्यांना आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच नीट दिसायचं, पण कान असे की डोळ्यांचंही काम तेच करायचे. तयार कपड्यांच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला होता. शिलाईच्या मशीनांच्या रांगांमध्ये बसून, पलीकडच्या टोकाला कोणाची सुई बोथट झालीय ते त्या मान वर न करता सांगायच्या. आता तेवढी मशीनं नव्हती, म्हणून त्या घर ऐकायच्या. पंख्याला तेल हवंय. वरच्या मजल्यावरचे आज भांडले नाहीत, बरे आहेत ना. जावईबापू, तुमचा उजवा गुडघा कालपासून वाजतोय. जावयाशी त्या अहो-जाहो करायच्या, पण त्या ‘अहो’चं वजन ‘अरे’एवढंच असायचं.

‘आत काय चाललंय, जावईबापू?’ त्यांनी विचारलं.

मास्तर म्हणाले, दाढी.

‘दाढी होत नाहीये. मशीन रडतंय.’

मास्तरांनी मशीन थांबवलं. सासूबाईंनी बोळात खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला, म्हणजे हे लवकर आवरणारं प्रकरण नव्हतं. त्यांनी समजावलं की मशीनवर भार टाकला की मोटर कण्हते, मग ते शिलाईचं असो की दाढीचं. दाबू नका. नुसतं टेकवा.

मास्तरांनी हलकं धरलं.

‘आता गुणगुणतंय,’ बाहेरून निकाल आला. ‘पण नुसतंच. कापताना बारीक तडतड यायला हवी. कोणत्या अंगाने नेताय?’

‘रेषेच्या.’

‘मग उलटं न्या.’

 मास्तर आरशासमोर उभे होते, मशीन हातात गुणगुणत होतं, आणि ज्या माणसाने आयुष्यात एक फळी उलटी घासली नाही त्याला स्वतःचा गाल उलटा घासायला सांगितलं होतं, तेही दाराआडून. उलटं नेलं तर ओरखडे येतात, ते शेवटी म्हणाले.

‘लाकडावर,’ सासूबाई म्हणाल्या. ‘गाल आहे तो. दार नव्हे.’

मास्तरांनी डोळे मिटले. खोट्या कागदावर सही करावी तसं मशीन जबड्यावर टेकवलं आणि जेमतेम बोटभर वर नेलं.

पत्र्यावर बारीक वाळू सांडावी तसा आवाज झाला.

‘आलं,’ सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा झाला की जणू कारखान्याचा भोंगा होऊन त्या पुन्हा आपल्या जागी बसल्या आहेत. तिथून पुढे घरात जे सुरू झालं त्याला मास्तरांची बायको ‘रेडिओ’ म्हणू लागली. तिथेच थांबा, अजून आहे तिथे. हं, संपलं, आता नुसती गुणगुण आहे, उगाच घोटू नका, पुढे सरका. तिरकं धरलंय तुम्ही, एकाच कडेचा आवाज येतोय, सरळ टेकवा. आता गळा. कातडी ताणा दुसऱ्या हाताने, सैल कापडावर शिलाई बसते का कधी? हनुवटीखाली अजून कुजबुज आहे. डावीकडे. तुमच्या डावीकडे, माझ्या नाही.

सगळं शांत झाल्यावर मास्तरांनी मशीन खाली ठेवलं आणि झाकणावरून फिरवायचे तशी डोळे मिटून गालावरून बोटं फिरवली. खाली. वर. पुन्हा वर. त्यांना बोलायचं होतं, पण अशा वेळी कोणी बोललेलं त्यांना स्वतःलाच खपायचं नाही.

दिवसभर ते गळा पेटायची वाट बघत होते. दुपारी आरशात बघितलं, संध्याकाळी बघितलं. आधीच्या दोन दिवसांच्या दाबादाबीची लाली होती तेवढीच. पुढच्या सकाळी तीही उतरली, आणि त्याच्या पुढच्या सकाळी हनुवटी खाली, नजर समोर, अशी घरापासून कारखान्यापर्यंत चालत जाऊन मास्तरांनी रस्त्यात किती दुकानं आहेत ते पहिल्यांदा नीट पाहिलं.

शुक्रवारी मेहुणा सकाळीच घरी आला तेव्हा रेडिओ चालू होता. तो चहाचा कप घेऊन बोळाच्या तोंडाशी उभा राहिला. आपली सख्खी आई बाथरूमच्या दाराला कान लावून दाजींच्या गळ्याची एकेक बाजू लढवून घेते आहे, हे त्याने पूर्ण ऐकलं. आपणच शेवटचा हात देणार असं त्यानेही चार लोकांत सांगून ठेवलं होतं. चहा निवला.

‘आई,’ तो म्हणाला, ‘तू नक्की माझी आई आहेस की दाजींची?’

सासूबाईंनी मान त्याच्याकडे वळवली नाही, कान दाराकडेच ठेवला.

‘तुझीच. म्हणून तर. झाकणावर ओघळ आला तर तो घासून काढता येईल रे, पण लोक तुला ओघळ्या म्हणतील ते कशाने काढशील?’

मेहुण्याने तो निवलेला चहा एका घोटात संपवला. मग तो हसला, आधी नाराजीने आणि नंतर खरंच, आणि दारावर थाप मारून म्हणाला, दाजी, उजव्या कानाखाली राहिलंय. तिथे काहीच राहिलं नव्हतं. पण मास्तरांनी तिथे पुन्हा फिरवून बघितलं, आणि सासूबाईंनी लेकाच्या दंडाला अंदाजाने चिमटा काढला.

शनिवारी मॅडम आल्या. मास्तरांनी मास्क घातला, टोप चढवला. डावीकडे, उजवीकडे, वर. मॅडम फुगा दाबत होत्या. खाली. मास्तरांनी हनुवटी छातीला टेकवली आणि जीभ तोंडात दबा धरून बसली. काही नाही. आता बोला, मॅडम म्हणाल्या, मिनिटभर, काहीही, ओके?

मागच्या वेळी इथवर पाळीच आली नव्हती, त्यामुळे मास्तरांनी काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. आणि चार दिवस कानात एकच आवाज होता. तोच बाहेर आला, मास्कमधून थोडा घुमून, सासूबाईंच्या सुराच्या चढउतारासकट. जावईबापू, मशीन रडतंय. जावईबापू, हनुवटीखाली कुजबुज आहे. जावईबापू, गाल आहे तो, दार नव्हे. मेहुणा हसता हसता लाकडाच्या भुशावर बसला, कारण ती हुबेहूब त्याची आई होती, फक्त रबरी नाकाची. मॅडम फुगा दाबायच्या थांबल्या, मिनिट संपलं, आणि मास्तर बोलतच होते.

‘पुरे, मास्तर. कडू?’

‘कडू?’ मास्तरांनी विचारलं. ‘तुम्ही सोडलं कधी?’

त्याच दुपारी त्यांनी झाकणाला शेवटचा हात दिला. त्या वेळी खोलीत दुसरं कोणी नव्हतं. काचेतून एवढंच दिसलं की मास्तर झाकणाच्या कडेबाहेरून सुरुवात करतात, एका संथ हाताने पलीकडच्या कडेबाहेर जाऊन थांबतात, आणि परत येतात. मध्ये कुठेही हात अडखळला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी मास्क काढला. गालांवर रबराची कड उमटली होती, अगदी सबंध, कुठेही न तुटलेली.

सकाळी लॅकर वाळलं होतं. झाकण म्हणजे रात्रभर कोणी हात न लावलेलं पाणी. मालकांनी त्यात बघून केस बसवले. मेहुण्याने दात बघितले. मॅडम आपली बॅग राहिली म्हणून आल्या होत्या, त्या ‘ओके’ म्हणाल्या, आणि त्यांचं ते प्रश्न नसलेलं पहिलंच ‘ओके’ होतं.

मास्तरांनी आपला चेहरा बघितला नाही. डोळे मिटून बोटं फिरवली. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा. बिजागरीजवळ बोट थांबलं. मागे आलं. पुन्हा थांबलं.

लॅकरमध्ये एक केस होता. तिळाच्या निम्म्याएवढा, वळलेला, काळ्यात काळा. कोणाचा आहे हे विचारायची गरज नव्हती. शनिवारच्या गडबडीत मास्तरांनी आधी कामाचा सदरा चढवला होता आणि मग दाढी केली होती. कापलेले केस कॉलरच्या घडीत बसून कारखान्यात आले होते, आणि लांबच्या कोपऱ्यासाठी वाकताना त्यातल्या एकाने उडी मारली होती.

मालक तीनदा खोकले. दिसतो कुठे, दिसतो कुठे, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, बोटाला दिसतो. मालकांचं म्हणणं, लोक ऐकायला येणार आहेत, बोट लावायला नाही.

‘दाजी,’ मेहुणा म्हणाला, ‘मी मारलं असतं तर केस तरी नसता आला.’

‘केस नसता आला,’ मास्तर म्हणाले, ‘आणि तू आला असतास, थेंबाथेंबाने.’

मेहुण्याला ते पटलं असावं, कारण तो बादलीत पाणी घेऊन आला आणि सगळ्यात बारीक कागद भिजवायला लागला. सबंध झाकण पुन्हा घासायचं, आणि उद्या पुन्हा शेवटचा हात. संगीतशाळेची गाडी परवा येणार होती, तेव्हा जमत होतं. मालकांनी हात उडवले आणि ‘उद्या, उद्या’ म्हणत निघून गेले.

घरी मास्तर दारात बूट काढत होते तेवढ्यात आतून प्रश्न आला की काय झालं, कारण रोज बूट दोनदा वाजतात आणि आज एकच वाजला होता. मास्तर दुसरा बूट हातात धरून तसेच बसले होते. त्यांनी सगळं सांगितलं. सासूबाई ठसका लागेपर्यंत हसल्या, मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, म्हणजे उद्या पुन्हा?

‘पुन्हा,’ मास्तर म्हणाले.

‘मग सदरा काढून बसा. आणि लवकर उठा. घाईत असलात की तुमचा गळा नीट ऐकू येत नाही.’

मास्तरांनी मशीनची जाळी उघडली, छोट्या ब्रशने झाडली, फुंकर मारली, आतली काळी भुकटी बेसिनमध्ये सोडली. मग ते बाथरूममध्ये गेले, चार्जर लावला आणि बाहेर आले. ते खुर्चीत बसतात न बसतात तोच सासूबाई म्हणाल्या, पिनचा ‘टक्’ अर्धाच आला, जावईबापू.

मास्तर परत गेले. पिन खरंच अर्धीच बसली होती.